उतरा, पाय मोकळे करा

माणिकमामा सोनकांबळे सकाळी गाडीत बसले की किल्ली निम्मीच फिरवायचे आणि डावा हात वर करायचे. हात वर असेपर्यंत गाडीत कुणी चकार शब्द काढायचा नाही. स्टेअरिंगमागच्या काचेत दिवे लागायचे, तेलाचा, बॅटरीचा, ब्रेकचा, इंजिनचा पिवळा. मामा एकेकाकडं मास्तरासारखं रोखून बघायचे आणि मग किल्ली पुरती फिरवायचे. इंजिन धडधडलं की दिवे विझायचे. शेवटचा विझला की हात खाली यायचा. "झाली हजेरी. बोला आता काय बोलायचं ते."

मी पथकात रुजू झाले त्या सकाळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या बाकावर बसता बसता मी डॉक्टरांना स्वतःची माहिती सांगत होते, आणि पुढचा कानावर टेस्टर खोचलेला माणूस माझ्याकडं न बघताच म्हणाला, "शिश्टर, दिवे बघून राहिलो ना मी." मला भयंकर राग आला. नोकरीचा पहिला दिवस, आणि ड्रायव्हरनं गप्प बसवायचं म्हणजे काय! डॉक्टरांनी मला नजरेनंच आवरलं. पुढं मीही नव्या माणसांना तसंच आवरू लागले, पण तोवर मामा माझे मामा झाले होते.

आमचं पथक म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन, तिच्या मागच्या भागात एक बाक, एक औषधांचं कपाट, आणि आम्ही तिघं. नांदेडची एक संस्था ते चालवायची. मुक्काम मुखेडला आणि फेऱ्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर. बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, गरोदर बायकांची तपासणी, पोरांची गळवं, असं आमचं काम. बिरादार डॉक्टर उदगीरकडचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, गोल आणि गोड माणूस. घरी सुनेशी पटत नाही म्हणून नोकरी करतो, असं ते स्वतःच सांगायचे. माझं तसं नव्हतं. नवरा गेल्यावर मी मुलाला घेऊन मुखेडला माहेरी आले होते, आणि त्या गावात माझ्याजोगी ही एवढीच नोकरी होती.

आमचा करार अकरा महिन्यांचा असायचा, दर वेळी नवा. त्या कराराची गंमत अशी की त्यात सगळ्यात वर गाडीचा नंबर आणि त्याखाली आमची नावं. पथक म्हणजे गाडी. गाडी आरटीओच्या पासिंगला नापास झाली, उभी राहिली, की पथक बंद. नवी गाडी द्यायचं संस्थेच्या मनातही नव्हतं. मामा म्हणायचे, "माणसं बदलून चालतंय शिश्टर, गाडी बदलून न्हाई. आपून तिघं तिच्या पोटात हावत." त्यात मागचं सरकतं दार आतून उघडायचंच नाही. त्याचा खटका कधीचा तुटला होता. प्रत्येक गावात गाडी थांबली की मामा वळसा घालून यायचे आणि आम्हाला बाहेर काढायचे. मी म्हणायचे, "मामा, कैद्यांना काढल्यासारखं वाटतं." ते म्हणायचे, "मंग मी कोण, जेलर? मला बी कोण काढतंय?"

हे ते हसत म्हणायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं. मामांचे वडील कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होते. दांडगा माणूस होता तो. त्याला कुशीवर वळवायचं, अंघोळीला न्यायचं तर मामा आणि त्यांची बायको रुखमाबाई, दोघं लागत. पुण्याहून एका मित्रानं मामांना बसवर ड्रायव्हर म्हणून बोलावलं होतं. मामांनी पिशवी भरली, दोन दिवस ती दाराशी ठेवली आणि परत रिकामी केली. "बापाला उचलाया एक हात कमी पडतो," एवढंच बोलले. वय पन्नाशीच्या पुढं गेलेलं, मुखेडात ड्रायव्हरची दुसरी पगारी नोकरी नाही. तेव्हा ही गाडी चालली पाहिजे, हे आम्हा दोघांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं.

म्हणून गाडीची वायरिंग ते स्वतः बघायचे. तरुणपणी नांदेडात एका वायरिंगच्या दुकानात ते कामाला होते. "उस्तादाच्या हाताखाली शिकलो" असं ऐटीत सांगायचे. खरं म्हणजे उस्तादानं त्यांना काढून टाकलं होतं, असं रुखमाबाईंनी मला कानात सांगितलं होतं. मामा हुशार होते, पण त्याहून जास्त फुशारकी मारणारे होते, आणि चुकायचे तर वारंवार. एकदा हॉर्न आपोआप वाजायला लागला. मामांनी वाटेत उतरून असा काही इलाज केला की तो कायमचाच मुका झाला. नवा मिळेपर्यंत मामा खिडकीतून हात बाहेर काढून दाराचा पत्रा बडवत गाडी चालवायचे. म्हशी बाजूला व्हायच्या, माणसं मात्र लग्नाची वरात आली समजून बाहेर यायची.

पण एक गोष्ट त्यांच्यात पक्की होती. डॅशबोर्डवरचा दिवा लागला तर तो का लागला, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आमच्याकडं पुष्कळ ड्रायव्हरांची एक रीत आहे. एखादा दिवा विझतच नसेल तर त्याची वायर तोडून तेलाच्या दिव्याच्या वायरीला जोडायची. मग किल्ली फिरवली की दोन्ही बरोबर लागतात आणि बरोबर विझतात. बघणाऱ्याला वाटतं, गाडी ठणठणीत. मामांना या प्रकाराची भारी चीड. "खोटी हजेरी लावून राहिले, साले," असं म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं, की "दिवा खोटं बोलत न्हाई शिश्टर, पण निम्मंच बोलतो. ऱ्हायलेलं निम्मं आपून हुडकायचं असतंय."

दिवाळीनंतर एके दिवशी ब्रेकचा लाल दिवा विझेना. ब्रेक चांगले लागत होते. तेलाची पातळी बरोबर होती. हँडब्रेक पूर्ण खाली होता. तरी दिवा मधेच लागायचा, खड्डा आला की विझायचा, पुढच्या खड्ड्याला पुन्हा लागायचा. मामांचा चेहरा पडला आणि डोळे मात्र चमकले. पुढचे कित्येक दिवस आमची गाडी म्हणजे आरोग्य पथक कमी आणि वायरिंगचं दुकान जास्त झाली.

कसं शोधायचं, त्याची त्यांची पद्धत होती. गावात पोचलो की डॉक्टर झाडाखाली टेबल मांडायचे, पेशंटांची रांग लागायची, आणि मामा पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली डोकं घालायचे. वायरींची जुडी हातभर धरून हलवायची, मग पुढची हातभर. दिवा कुठं हलवल्यावर लागतो, ते त्यांना खालून दिसायचं नाही. म्हणून मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून ओरडायचं, "लागला! गेला! लागला!" बाहेर रांगेत बसलेल्या बायका घाबरायच्या. एक म्हातारी डॉक्टरांना म्हणाली, "कोन गेला वं बाबा? आता तं लागला म्हनत व्हती." डॉक्टरांनी तिचं बीपी पुन्हा मोजलं.

मामांचा पहिला संशय उंदरांवर. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावतो म्हणून उंदीर वायरी कुरतडतात, असं त्यांनी जाहीर केलं आणि गाडीत इतक्या डांबराच्या गोळ्या टाकल्या की आमच्या सगळ्या पट्ट्या-कापसाला वास लागला. उंदीर नव्हताच. मग संशय भोंग्यावर. गावात शिरताना आम्ही भोंग्यावरून पुकारा करायचो, त्याची वायर त्यांनी काढून टाकली. दिवा लागतच होता. मग म्हणाले, अर्थिंग कच्चं असेल. गाडीचा पत्रा हीच गाडीची अर्धी वायर असते, बॅटरीचं एक टोक चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टनं आवळलेलं असतं, तो बोल्ट गंजला की कुठलाही दिवा वेडा होतो, असं मला त्यांनी समजावून सांगितलं. असे बोल्ट गाडीखाली ठिकठिकाणी होते. मामा एकेक सोडवून घासत मागं मागं सरकत निघाले.

इकडं संस्थेच्या समन्वयक साहेबांचे नांदेडहून फोन सुरू झाले. पासिंगची तारीख जवळ आली होती. लाल दिवा घेऊन पासिंग होणार नाही, आणि पासिंग नाही तर करार नाही. "एक वायर तोडून दुसरीला जोडायला किती वेळ लागतो हो?" साहेब मामांना म्हणाले. फोन स्पीकरवर होता. मामा म्हणाले, "साहेब, पेशंटच्या तोंडावर हात दाबला म्हंजी खोकला बरा झाला व्हय?" साहेबांनी फोन ठेवला. डॉक्टर म्हणाले, "अय्यो माणिक, माझ्या निम्म्या पेशंटांवर हाच इलाज करावा वाटतो." मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मुलाची शाळा त्या पासिंगवर अवलंबून होती.

शेवटी दोष सापडला तो उंदरांत नाही की गाडीखाली नाही, थेट मामांच्या देवासमोर. डॅशबोर्डवर त्यांनी बुद्धाची बोटाएवढी मूर्ती बसवली होती. बुद्धपौर्णिमेला तिच्यापुढं एक इवलासा निळा बल्ब लावला होता. त्याची वायर आत न्यायला पत्र्यात एक भोक आधीच होतं, त्यातून बाकीच्या वायरी जायच्या. भोकाच्या कडेला रबराची कडी असते, वायरींना पत्रा लागू नये म्हणून. जागा पुरेना, म्हणून मामांनी ती कडी काढून टाकली होती. मग पत्र्याची धार ब्रेकच्या दिव्याची वायर रोज थोडी थोडी कापत राहिली. खड्डा आला की उघडी तार पत्र्याला टेकायची आणि दिवा लागायचा. मामांनी ती तार मला बोटावर धरून दाखवली. "म्याच केलंय," म्हणाले. मी म्हटलं, "उंदराची माफी मागा आता." त्यांनी तारेला पट्टी गुंडाळली, रबराची कडी बसवली. दिवा विझला तो विझलाच.

डॉक्टरांनी पेढे आणले. दोष मामांचाच निघाला, असा भोंग्यावरून पुकारा करायची मी धमकी दिली. मामांनी पेढा हातात धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. मला वाटलं, स्वतःची चूक निघाली म्हणून मन खट्टू झालं असेल. मग त्यांनी पेढा डॉक्टरांच्या हातावर परत ठेवला आणि म्हणाले, "दोघं बी खाली वाका जरा."

आम्ही वाकलो. डॉक्टरांना वाकता येईना म्हणून ते चक्क मातीत बसले. गाडीच्या मागच्या चाकाजवळ, जिथं स्प्रिंगचे पाटे चेसीला धरलेले असतात, तिथं मामांनी टॉर्च मारला आणि टेस्टरचं टोक लोखंडावर दाबलं. ते आत गेलं. बिस्किट चहात बुडवून काढावं तसं ते लोखंड होतं. अर्थिंगचा बोल्ट सोडवायला मामा चार दिवसांपूर्वी तिथं पोचले होते, तेव्हा बोल्टाबरोबर चेसीचा तुकडाच हातात आला होता. त्याच्याच कडेनं ब्रेकच्या तेलाची नळी गेली होती. "इथं तुटलं तर मागचं चाक सरकल, नळी फुटल, अन् ब्रेक गेला," मामा म्हणाले. "अन् ह्याला दिवा न्हाई शिश्टर. कंपनीनं ह्याला दिवाच ठेवला न्हाई."

त्यांनी गुपचूप वेल्डरकडं नेऊन आणली होती गाडी. वेल्डरनं हातोडीनं टकटक केली तर भोक वाढलं. वेल्ड धरायला चांगलं लोखंड तर पाहिजे, ते वीतभर अंतरात कुठं नव्हतं. चेसी बदलायची म्हणजे गाडीच बदलायची. मामांनी साहेबांना फोन लावला. आम्ही शेजारी उभे होतो. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, "माणिकराव, दिवा विझलाय ना? पासिंग होऊ द्या. तुम्ही लेखी कळवलंत तर मला गाडी उभी करावी लागेल. गाडी उभी म्हणजे पथक बंद, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचं तुम्ही ठरवा." असं म्हणून त्यांनी सगळं ओझं अलगद मामांच्या मांडीवर ठेवलं. माझा या माणसावरचा राग अजून गेलेला नाही.

मामांनी लेखी काही कळवलं नाही. आम्हीही कुणी काही ठरवलं नाही. पासिंग झालं. ब्रेक लागत होते, दिवे वेळेवर लागत-विझत होते, खाली वाकून कुणी बघितलं नाही. करारावर आम्ही सह्या केल्या आणि एकमेकांचं तोंड चुकवलं.

आमच्या फेऱ्यांतली बरीचशी गावं सपाटीवर होती. तिथं मामा बैलगाडीच्या चालीनं गाडी न्यायचे. पण आठवड्यातून एक फेरी घाटाखालच्या गावांची असायची. बालाघाटाचा तो उतार फार मोठा नाही, मात्र वळणं अंगावर येणारी आणि एका बाजूला दरी. करारानंतरच्या पहिल्याच फेरीला घाटाच्या तोंडाशी मामांनी गाडी थांबवली, वळसा घालून आले आणि दार सरकवलं.

"उतरा. पाय मोकळे करा."

"इथं?" मी विचारलं.

"इथंच. चालत या खाली. मी फुडं हुतो."

डॉक्टरांना लगेच कळलं. ते बॅग घेऊन उतरले. मी औषधांची पेटी उचलायला गेले तर मामा म्हणाले, "पेटी ऱ्हाऊ द्या. पेटीला पोरगं न्हाई." आणि रिकामी गाडी घेऊन ते एकटे घाट उतरले.

त्यानंतर दर फेरीला असंच. चढताना मात्र आम्हाला बसू द्यायचे. "चढताना तुटली तर थांबती. उतरताना तुटली तर थांबत न्हाई," हा त्यांचा हिशेब. आम्ही दोघं सीताफळीच्या झुडपांमधून, डांबर उखडलेल्या रस्त्यानं चालत उतरायचो. डॉक्टर धापा टाकायचे, मी त्यांची बॅग घ्यायचे. लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बायका विचारायच्या, "डाक्टर, गाडी बिघडली व्हय?" डॉक्टर म्हणायचे, "पोट कमी करतोय." एरवी हा माणूस अखंड बोलणारा, पण घाटात तोही गप्प असायचा. कारण आम्ही दोघं चालत नसायचोच, ऐकत असायचो. खालच्या वळणावरून इंजिनाचा आवाज यायचा, मधेच कड्याआड बंद व्हायचा, आणि तो परत येईपर्यंत आम्ही होतो तिथंच थांबायचो. शेवटच्या वळणावर गाडी दिसायची. मामा बॉनेटला टेकून उभे असायचे, आम्हाला बघून दार उघडायचे. आम्ही काही बोलत नव्हतो, तेही नव्हते. बोललो असतो तर काहीतरी ठरवावं लागलं असतं. ठरवलं असतं तर आम्हा तिघांची रोजी गेली असती, आणि घाटाखालच्या त्या गावांत गोळ्या देणारं दुसरं कुणी येत नव्हतं. मला रात्री झोपेत तो आवाज बंद पडलेला ऐकू यायचा.

मामा त्या महिन्यांत वाळत गेले. फुशारकी बंद झाली. दिव्यांकडं बघताना हात वर करायचे, पण विझल्यावर "झाली हजेरी" म्हणायचं राहून जायचं. एकदा मी रुखमाबाईंना भेटले तर त्या म्हणाल्या, "झोपतच न्हाईत वं. उठून अंगणात बसत्यात. कामून म्हणलं तर म्हणत्यात, गरम हुतंय." तेव्हा थंडीचे दिवस होते. त्यांना काही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हाची एक घाटाची फेरी. डॉक्टर बिदरला एका लग्नाला गेले होते. औषधं द्यायची म्हणून मी आणि मामा दोघंच निघालो. घाटाच्या तोंडाशी गाडी थांबली. दार सरकलं.

"उतरा शिश्टर. पाय मोकळे करा."

मी उतरले नाही. आधी काही ठरवलं होतं असं नाही. त्या दिवशी डॉक्टर बरोबर नव्हते, एकटीनं तो रस्ता चालायचा आणि एकटीनं कान देऊन बसायचं, हे मला जमेना, एवढंच. मी म्हटलं, "मी बसणार आहे. चला."

"खुळ्यावानी करू नका. उतरा."

"नाही."

"शिश्टर, पोरगं हाय तुमचं शाळंत."

"तुमचा बाप आहे घरात. तुम्ही नसल्यावर रुखमाबाई एकट्या त्याला कशा उचलणार?"

मामा भडकले. मला अगं-तुगं केलं, जे कधी केलं नव्हतं. बाईमाणसाला अक्कल नसते, इथपर्यंत बोलून झालं. मी बाकाची कड धरून बसून राहिले. मग ते पुढं जाऊन बसले आणि किल्ली फिरवली. दिवे लागले, विझले. इंजिन सुरू होतं. त्यांचा हात गिअरवर होता. मी डोळे मिटून घेतले आणि मुलाचं नाव घेतलं. मी शूर वगैरे अजिबात नव्हते, मला आत्ता उतरायचं होतं आणि दार आतून उघडत नव्हतं.

गाडी हलली नाही. बऱ्याच वेळानं इंजिन बंद झालं. मामा स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले होते. मग त्यांनी फोन काढला. "साहेब, माणिक बोलतो. गाडी उभी केली. घाटावर हाय. चेसी सडलीय, चालत न्हाई. न्यायला कोन पाठवायचं ते पाठवा." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. मामा म्हणाले, "हाव साहेब, लेखी बी देतो," आणि फोन ठेवला.

खालच्या गावात लोक वाट बघत बसले होते. मामांनी औषधांची पेटी डोक्यावर घेतली आणि आम्ही दोघं चालत निघालो. दुसऱ्या वळणावर ते थांबले, मागं वळून चढाकडं पाहिलं आणि म्हणाले, "एवढं चालत येता व्हय दर खेपंला? मला वाटलं, जरासक असल." त्या दिवशी आम्ही सगळ्यांना दोन-दोन महिन्यांच्या गोळ्या वाटल्या. पुढं कधी येणार, असं ज्यांनी विचारलं त्यांना मी गोळ्या कशा घ्यायच्या तेच पुन्हा सांगितलं.

पथक त्या महिन्याअखेर बंद झालं. डॉक्टर सुनेकडं गेले. मी लातूरला एका खासगी दवाखान्यात लागले. मुलाला घेऊन भाड्याच्या खोलीत राहते, पाळ्या करते. मामांना पुढं बरेच दिवस काम नव्हतं. उसाच्या हंगामात कुणाचा तरी ट्रॅक्टर चालवायचे, घरासमोर लोकांच्या गाड्यांचे दिवे बघायचे. रुखमाबाई फोनवर सांगायच्या, तेव्हा मला अन्न गोड लागायचं नाही. त्यांचं घर माझ्यामुळं बसलं, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

मागच्या वर्षी मामा वडिलांना घेऊन लातूरला आले. म्हाताऱ्याला छातीत कफ झाला होता, आमच्याच वॉर्डात खाट मिळाली. दुपारी म्हातारा झोपल्यावर आम्ही व्हरांड्यात चहा घेत बसलो. मामांचे केस पांढरे झाले होते, पण चेहरा भरला होता. मी धीर करून म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी गुमान उतरले असते तर तुमची नोकरी राहिली असती."

मामांनी कप खाली ठेवला. "शिश्टर, मी दर खेपंला दार उघडायचो ना, तवा मनात म्हणायचो, आज कुणीतरी म्हणल, मामा, तुम्ही बी उतरा. डॉक्टर म्हणतील, न्हाई तर तुम्ही म्हणाल. दर खेपंला वाटायचं. अन् दर खेपंला तुम्ही दोघं गुमान उतरायचात."

आतून म्हाताऱ्यानं हाक मारली. मामा उठले. मीही उठले, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला कुशीवर वळवलं.